सिझर लिफ्टची जॉयस्टिक, पावसाळा आणि एक हिरवी पडलेली पिन

आमच्या कुडाळ-मालवण भागात डंपर बिघडूदे, जेसीबी बिघडूदे, बोटीचं इंजिन बिघडूदे, हात लावायला माणूस मिळतो. पण बॅटरीवर चालणारी सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या घड्या उलगडून माणसाला उंच नेणारी गाडी, म्हटली की सगळे लांबूनच बघतात आणि म्हणतात की गोव्याहून माणूस बोलवा. २०२४ च्या पावसाळ्यात, म्हणजे जून-जुलैमध्ये, आमच्या लिफ्टच्या जॉयस्टिकने, म्हणजे मशीन चालवायच्या दांड्याने, असा काही घोळ घातला की महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. ऑनलाइन शोधलं तर मराठीत काहीच नाही, आणि जे होतं ते त्या त्या कंपनीच्या डीलरने आपल्याच टेक्निशियनसाठी लिहिलेलं. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय, ज्याच्यावर वेळ येईल त्याला निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. काजू फॅक्टऱ्या, मंगल कार्यालयं, बर्फाच्या फॅक्टऱ्या, मासळीची युनिटं असली कामं करतो. शिडी आणि परांच्यांवर पोरं चढवून कंटाळलो म्हणून त्याच्या दोन वर्षं आधी एक सेकंडहँड १९ फुटी लिफ्ट घेतली, म्हणजे प्लॅटफॉर्म १९ फुटांवर जातो आणि माणसाचा हात साधारण २५ फुटांपर्यंत. ६ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकूण २४ व्होल्ट, वजन दीड टनाच्या आतबाहेर, वर २२७ किलो चालतं. रुंदी अडीच फूट, त्यामुळे साध्या दरवाजातून आत जाते, मला घ्यायची खरी भुरळ त्याचीच पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच, पुढे कळेलच.

काम होतं मालवणकडच्या एका मासळी युनिटच्या शेडमध्ये, जुने मेटल हॅलाइड दिवे काढून एलईडी हायबे, म्हणजे उंच छताचे दिवे, लावायचे, सोबत केबल ट्रे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते ना, तेवढ्यातच ही युनिटं मेंटेनन्स करून घेतात. १ ऑगस्टला बोटी सुटल्या की मग शेडमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. म्हणजे मुदत आमच्या हातात नाही, सरकारच्या नोटिफिकेशनवर ठरलेली.

२४ जूनला, सोमवार होता, सकाळी माझ्याकडच्या मंगेशने चावी फिरवली, वरच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या कंट्रोल बॉक्सचं इमर्जन्सी स्टॉप ओढलं आणि मशीन नुसती टीं टीं करायला लागली. खालच्या डिस्प्लेवर कोड. मॅन्युअलमध्ये बघितलं तर त्याचा अर्थ, चालू करताना जॉयस्टिक न्यूट्रलला नाही. दांडा तर बरोब्बर मध्ये उभा. परत बंद-चालू केलं, तेच. दुपारी जेवून आलो तर मशीन काही न करता गपचूप चालू झाली आणि संध्याकाळपर्यंत नीट चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. सगळ्यांनी एकच निदान केलं, दमट हवा, आत पाणी गेलंय, सुकलं की चालते. मलाही ते पटलं, कारण जूनच्या शेवटी मालवणात कपडे आठवडाभर सुकत नाहीत तर जॉयस्टिकचं काय.

इथे थोडं थांबून जॉयस्टिक काय करते ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. जुन्या मशीनमध्ये दांड्याखाली पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसला) असतो, नव्यांमध्ये हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक आणि सेन्सर, काही घासत नाही म्हणून झिजतही नाही. दोन्हीत तत्त्व तेच. खालच्या कंट्रोलरकडून, म्हणजे मशीनच्या मेंदूकडून, ५ व्होल्ट येतात, निगेटिव्ह येतो आणि सिग्नलची एक वायर परत जाते. दांडा मध्ये असला की सिग्नलवर निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट. पूर्ण पुढे ढकलला की आमच्या मशीनवर ४.५ च्या आसपास, पूर्ण मागे ओढला की ०.५. अगदी ० ते ५ मुद्दाम वापरत नाहीत, कारण मग वायर तुटली की शॉर्ट झाली ते कंट्रोलरला कळणार नाही. मध्ये थोडी मोकळी पट्टी सोडलेली असते, तेवढ्यात सिग्नल इकडेतिकडे झाला तरी मशीन हलत नाही. आणि चालू होताना कंट्रोलर आधी बघतो की सिग्नल त्या पट्टीत आहे का, नसेल तर चालवायलाच देत नाही. कॅलिब्रेशन म्हणजे कंट्रोलरला सांगायचं की बाबा हा तुझा मध्य, हे पूर्ण पुढे आणि हे पूर्ण मागे. बस, एवढंच. कंट्रोलर त्या वेळी जे दिसतं ते लिहून ठेवतो, ते खरं का खोटं ते त्याला कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी गोष्ट ह्याच्यावरच आहे.

२ जुलैला गोव्यातल्या वेर्ण्याकडून एक टेक्निशियन आला. माणूस चांगला होता, चार तास खपला. व्हिजिटचे ६,५०० आणि गाडीभाडं वेगळं. बॉक्स उघडला तर आत मुंग्यांचं वारूळच, आणि एका कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. दांड्याचं रबरी बूट खालून फाटलेलं. त्याने सगळं साफ केलं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मीटर लावून जॉयस्टिक तपासली, म्हणाला मध्य बरोबर आहे पण कंट्रोलरला २.७ दिसतंय, म्हणजे जॉयस्टिक ड्रिफ्ट झाली, तिचा मध्य सरकला. मग त्याने कॅलिब्रेशन केलं, कोड गेला, मशीन सुरू. जाताना सांगून गेला की हे तात्पुरतं आहे, जॉयस्टिक बदलावीच लागेल, ३१,००० अधिक १८ टक्के जीएसटी, यायला चार-पाच आठवडे. म्हणजे सरळ ऑगस्ट.

तेव्हा एक गोष्ट मला खटकली होती. जॉयस्टिकच्या पिनांवर मोजलं की मध्य बरोबर आणि कंट्रोलरकडे मोजलं की चूक, असं कसं? पण त्याला परतीची घाई, आम्हाला कामाची घाई.

दोन दिवसांनी जे झालं त्याने मात्र माझी झोप उडाली. दुपारची वेळ, लिफ्ट खालीच होती, वर नव्हती हे नशीब. मंगेश वर उभा, मी खाली केबल मोजतोय, आणि मशीन हळूच मागे सरकली. वीतभर असेल. मी ओरडलो, अरे बघून! तर तो म्हणतो, "दादानू, मी दांडो हलवलंयच नाय, नुसतो ट्रिगर दाबलंय!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दांड्याला बोटाशी एक ट्रिगर असतो, तो दाबून धरल्याशिवाय दांडा काही करत नाही. चुकून पोट टेकलं, दोरी अडकली तर मशीन पळू नये म्हणून. तर इथे ट्रिगर दाबला आणि दांडा सरळ असताना मशीन मागे निघाली. हेच १९ फुटांवर, कडेला ट्रेंच असताना झालं असतं तर? त्याच क्षणी चावी काढली, बॅटरीचा प्लग ओढला, कागदावर 'चालवू नये' लिहून चिकटवलं आणि चावी माझ्या खिशात. पोरांना सांगितलं की कोणीही, युनिटचा मॅनेजर म्हणाला तरी, हात लावायचा नाही. ट्रिगर टेपने बांधून काम करणारे महाभाग मी साइटवर बघितलेत, त्यांना एकच सांगणं, आमच्याकडे ट्रिगर सोडला म्हणून मशीन जागच्या जागी थांबली.

मॅनेजर अर्थात चिडला. त्याचंही बरोबर, त्याला १ ऑगस्ट दिसत होती. आम्ही दोन दिवस परांची बांधून बाजूचे दिवे केले पण मधली लाइन परांचीने होण्यासारखी नव्हती, खाली कन्व्हेयर. टेक्निशियनला फोन केला, तो १० तारखेला ट्रेनने येतो म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि कोकण रेल्वेच्या गाड्या थांबल्या. मग त्याची दुसरी कामं लागली. म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू. भाड्याने दुसरी लिफ्ट विचारली, पंधरा दिवसांचं भाडं आणि येण्याजाण्याचा ट्रेलर मिळून जो आकडा सांगितला त्यात माझा ह्या कामाचा नफाच गेला असता.

आमच्या शेजारी नाना राहतात. सगळं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेलं, आता डोळ्यांना कमी दिसतं पण कान आणि डोकं शाबूत. संध्याकाळी ओटीवर बसलो होतो, बाहेर धो धो पाऊस, मी आपली रडकथा सांगितली. जॉयस्टिकपाशी बरोबर, खाली चूक, हे ऐकल्यावर त्यांनी पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाले, "अरे पयलो निगेटिव्ह बघ. मीटराची काळी वायर बॅटरीर लाव, डब्यात नको."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मालवण गाठलं. तुम्ही करणार असाल तर आधी दोन गोष्टी. बॅटरी तपासा, कारण बॅटरी कमजोर असली की कंट्रोलर काहीही कोड दाखवतो. चार्जिंग पूर्ण करून, तासदोन तास थांबून प्रत्येक बॅटरी ६.३ च्या वर पाहिजे, आणि लिफ्ट वर घेताना कोणती एक जास्त बसते का ते बघा. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायचा) असेल तर पूर्ण चार्जला १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान सगळे सेल जवळजवळ सारखे. आमच्या बऱ्या होत्या. दुसरं म्हणजे खालच्या कंट्रोलवरून लिफ्ट वर-खाली होते का ते बघा. होत असेल तर पंप, मोटर, वॉल्व्ह सगळं ठीक, रोग वरच्या बॉक्समध्ये किंवा खाली येणाऱ्या स्प्रिंगसारख्या केबलमध्ये. ह्याला पाच मिनिटं लागतात आणि निम्मी शंका मिटते. आणि काहीही उघडण्याआधी फोटो काढा, वायरीवरचे नंबर दिसतील असे.

मग प्लॅटफॉर्म पूर्ण खाली, चाकांना गुटके, मंगेश खालच्या इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून उभा. काळी वायर लांब करून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सिग्नलला. मध्य २.७०. पूर्ण पुढे ४.५४. पूर्ण मागे ०.८६. आता हे आकडे नीट बघा. पुढचा जवळपास जिथल्या तिथे, मधला ०.२ ने वर, मागचा त्याहून जास्त वर. जॉयस्टिक खराब असती, दांडा वाकडा बसला असता, तर सगळे आकडे साधारण सारखेच सरकले असते, नाहीतर फिरवताना मध्येच उडी मारली असती. हे म्हणजे पट्टीचं एक टोक जागेवर आणि दुसरं कोणीतरी वर उचललंय. उचललेलं टोक म्हणजे निगेटिव्ह. लाल वायर जॉयस्टिकच्या निगेटिव्ह पिनेला लावली, बॅटरीच्या निगेटिव्हशी तुलना करून. तिथे शून्य यायला पाहिजे. आलं ०.४.

टेक्निशियनचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याने काळी वायर डब्यातल्याच निगेटिव्हला लावली होती, त्यामुळे त्याला जॉयस्टिकचा मध्य बरोबर दिसला. तो बरोबरच होता! डब्यातलं शून्यच उचललेलं होतं एवढंच.

पण मग दुपारी नीट का? हे मात्र योगायोगाने सापडलं. मोजताना उजाडलं म्हणून मंगेशने वरचा दिवा बंद केला आणि माझ्या डोळ्यासमोर मीटरवर ०.४ चं ०.०२ झालं. परत लावायला सांगितला, परत ०.४. बंद, ०.०२. आम्ही दोघं लहान पोरांसारखे तो दिवा लावत-बंद करत बसलो. आधीच्या मालकाने रेलिंगला २४ व्होल्टचा छोटा एलईडी दिवा आणि ट्रकचा रिव्हर्सला वाजतो तसला बझर लावला होता, आणि दोघांचा निगेटिव्ह मारला होता जॉयस्टिकच्या निगेटिव्हवर, कारण ती वायर हाताशी होती. सकाळी शेडमध्ये काळोख म्हणून दिवा चालू, दुपारी बंद. हवेचा दमटपणा वगैरे सगळं आमच्या मनाचं! टेक्निशियन पावसाळी दिवशी आला होता, दिवा चालू होता, त्याने २.७ हाच मध्य म्हणून लिहून घेतला. मग दुपारी दिवा बंद केल्यावर सिग्नल खऱ्या २.५ वर आला, आणि कंट्रोलरला वाटलं दांडा मागे ओढलाय. बझर दाबून बघितला तर मध्याचा आकडा २.९ च्या वर गेला. आता आठवलं की बझर वाजवल्यावर मशीन कधीकधी लॉक व्हायची आणि आम्ही ते नशिबावर घालायचो.

दिवा एवढासा, पाव अँपिअर पण जेमतेम घेत असेल. तेवढ्याने ०.४ व्होल्ट पडतात म्हणजे वाटेत कुठेतरी दीडएक ओहमचा अडथळा. नुसती कंटिन्युइटी, म्हणजे मीटरवरची वायर जोडलेली आहे का ते बघायची सोय, लावली तर मीटर खुशाल बीप करतं, दीड ओहमला ते करणारच, म्हणून बीपवर विश्वास ठेवू नका, करंट चालू असताना व्होल्ट मोजा. टप्प्याटप्प्याने खाली मोजत आलो. बॉक्समधल्या प्लगपर्यंत ठीक, केबलभर ठीक, खालच्या प्लगच्या अलीकडे ०.४ आणि पलीकडे शून्य. सापडला.

तो बारा पिनांचा प्लग, मशीनच्या मागच्या बाजूला, चाकाच्या वर, मालवणची खारी हवा आणि मासळीच्या शेडमधलं मिठाचं पाणी रोज अंगावर. उघडला तर अकरा पिना मळकट पण पितळी, आणि एक हिरवीगार, पूड भरल्यासारखी. टोकदार चिमट्याने धरली तर तिचा अर्धा भाग हातात आला. सीलचं रबर कडक होऊन एका बाजूने चिरलेलं, तिथूनच पाणी आत.

नवीन केबल डीलरकडे १४,२०० अधिक जीएसटी, ती मागवून ठेवली, पण ती यायला महिना. तोपर्यंतचा उपाय म्हणून पिना आणि सील कोल्हापूरहून मागवले, फोंडा घाटातून येणाऱ्या कुरिअरने तीन दिवस घेतले, सगळे मिळून ७८० रुपये. मधल्या काळात आषाढी झाली, युनिटही बंद होतं. पिन बसवताना वायर मागे कापत जा, तांबं काळं दिसतंय तिथपर्यंत कापा, आमची दीड इंच आतपर्यंत काळी होती. सोल्डर करू नका, मशीन हादरते, सोल्डरपाशी वायर मोडते, बरोबर मापाच्या क्रिम्पिंग पक्कडने दाबा. पक्कड मी मित्राकडून आणली, नवी घेतली असती तर तेव्हा दोन-अडीच हजारांना होती. मग आतून चिकट असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, थोडंच, थापायचं नाही. बाराही पिना बदलल्या, एकच बदलून बाकीच्या पुढच्या पावसाळ्यासाठी कशाला ठेवायच्या. दिवा आणि बझर काढूनच टाकला. दिवा हवा असेल तर हेल्मेटला लावा, मशीनच्या वायरिंगमध्ये हात घालू नका, पुढे सर्टिफिकेट करणाऱ्या माणसाने पण हेच सांगितलं. दांड्याचं रबरी बूट ६५० ला मिळालं. बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी ठेवली आणि केबल आत जाते ते भोक ग्लँडने, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने, बंद केलं, मुंग्या तिथूनच जात होत्या.

आता मोजलं तर मध्य २.५१, पुढे ४.४९, मागे ०.५१, निगेटिव्हवर ०.०२. आणि मगच कॅलिब्रेशनला हात लावला.

प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, कोणाला वेगळं हँडसेट लागतं, कोणाचं खालच्या डिस्प्लेवरून होतं, त्यामुळे आपल्या मशीनच्या सिरियल नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. मॉडेल एकच असलं तरी सिरियल बदलला की पद्धत बदलते. मॅन्युअल बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतं. आमचं असं झालं: सपाट जमीन, बॅटरी पूर्ण चार्ज, चार्जर काढलेला, प्लॅटफॉर्म पूर्ण खाली, आजूबाजूला दहा फूट कोणी नाही. खालच्या डिस्प्लेवर बटणं दाबून सेटअपमध्ये जायचं, जुनं कॅलिब्रेशन पुसायचं. दांडा सोडून द्यायचा, बोट पण लावायचं नाही, मध्य सेव्ह. मग पूर्ण पुढे ढकलून धरायचा, अगदी टेकेपर्यंत पण जोर न लावता, बीप येईपर्यंत. सोडायचा. मग मागे. इथे घाई केली तर अर्धवट जागाच टोक म्हणून सेव्ह होते आणि नंतर मशीन अर्ध्या दांड्यालाच फुल स्पीड घेते. मग चावी बंद करून परत चालू, कारण सुरू होतानाची तपासणी तेव्हाच होते.

मग चाचणी. मी स्वतः वर चढलो, मंगेशला नाही चढवलं. नुसता ट्रिगर दाबून धरला, मिनिटभर, काही नाही. नुसता दांडा हलवला, ट्रिगर न दाबता, काही नाही. दोन्ही इमर्जन्सी स्टॉप. अगदी हळू पुढे, अगदी हळू मागे, दोन्हीकडे सारख्याच जागी हलायला लागते का. दांडा झटकन सोडला की लगेच थांबते का. प्लॅटफॉर्म थोडा वर घेऊन चालवलं की वेग कमी होतो का, आमच्यात खाली असताना ताशी ४ किलोमीटर आणि वर असताना ०.८, म्हणजे मुंगीच्या चालीने, ते तसं झालं. शेवटी हाताने खाली उतरवायचं हँडल. ते अडकलेलं होतं! इतक्या वर्षात कोणी ओढलंच नसेल. केबलला तेल घालून मोकळं केलं. तुमचं आज ओढून बघा.

एवढं झालं तरी युनिटच्या सेफ्टीवाल्याने आत घेतलं नाही. त्याला लॉकआउटचा, म्हणजे मशीन बंद करून ठेवल्याचा, रिपोर्ट आधीच गेला होता, मीच दिला होता, त्यामुळे त्याला आता कॉम्पिटंट पर्सनचं नवं सर्टिफिकेट पाहिजे होतं. तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टखाली उचलण्याच्या यंत्रांची तपासणी करून देणारी ही माणसं, राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मान्यता दिलेली. बोलावताना मान्यतेची तारीख आणि कोणत्या प्रकारच्या यंत्रांसाठी आहे ते मागून घ्या, संपलेल्या मान्यतेवर सही केलेले कागद बाजारात फिरतात आणि काही झालं की तो कागद रद्दी. आमचे गृहस्थ कोल्हापूरहून आले, फी ५,००० आणि येणंजाणं. त्यांना लागलं ते असं: मशीनचा सिरियल नंबर आणि प्लेटचा फोटो, जुनं सर्टिफिकेट, दुरुस्तीची नोंद काय बदललं आणि कोणी, कॅलिब्रेशनच्या आधीचे आणि नंतरचे आकडे, आणि ऑपरेटरच्या ट्रेनिंगचा कागद. आकडे मी वहीत तारखेसकट लिहिले होते, त्यांनी ते बघून मान डोलावली आणि बरेच प्रश्न विचारलेच नाहीत.

लोड टेस्टला ताडपत्रीत गुंडाळलेली सिमेंटची चार पोती, म्हणजे २०० किलो, आणि बाकीचे २७ किलो कॉपर केबलच्या तुकड्यांनी वजनकाट्यावर भरून काढले. पावसात पोती वर चढवताना मंगेशने मला आणि सिमेंट कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. टिल्ट सेन्सर, म्हणजे मशीन कललं की ओळखणारा, तपासायला एका बाजूच्या चाकांखाली प्लाय घातला, अलार्म वाजला, लिफ्ट वर जायला नाही म्हणाली, पास.

२४ जुलैला सर्टिफिकेट हातात, २५ ला हाइट वर्कचं परमिट. ते रोज सकाळी नवीन काढावं लागतं, त्यात अर्धा तास जातो म्हणून मी आदल्या संध्याकाळीच फॉर्म भरून ठेवायला लागलो, सकाळी फक्त सही. ३० च्या रात्री शेवटचा दिवा लागला. मॅनेजरने उशिराबद्दल बिलातून थोडे कापले, भांडलो नाही, पुढच्या वर्षीचं काम त्याच्याकडेच होतं.

खर्चाचा हिशोब विचाराल तर पिना, बूट, ग्लँड, ग्रीस सगळं मिळून दोन हजाराच्या आत, आणि गोव्याची व्हिजिट, सर्टिफिकेट, गाडीभाडं धरून पंधराएक हजार. केबल वेगळी. एकतीस हजारांची जॉयस्टिक घेतली असती तर ती पण त्याच पिनेवर बसली असती आणि पहिल्या सकाळी दिवा लावल्यावर तीच टीं टीं. टेक्निशियनला फोन करून हे सगळं सांगितलं, आकड्यांचा फोटो पाठवला. तो मनापासून हसला, आणि आता काळी वायर बॅटरीपर्यंत लांब केलेलं मीटर गाडीत ठेवतो म्हणे.

नवी केबल २८ ऑगस्टला आली, गणपतीची गडबड म्हणून तशीच पडून होती, सप्टेंबरच्या शेवटी बसवली. केबल बदलली की कॅलिब्रेशन परत करायचं, आकडे तेच दिसले तरी, आणि वहीत लिहायचं. मध्य २.५० आला. जुनी केबल कापलेल्या टोकासकट गुंडाळून स्पेअर म्हणून ठेवलीय, आणि खालच्या प्लगवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, दर पंधरा दिवसांनी तो मागे सारून पिना बघायचं काम मंगेशकडे आहे.